खालून आलेली फूट

१ जुलै १९८६, सकाळी ११

नोकरी सोडल्याचा पहिला दिवस. पांढुर्ण्याच्या बालमंदिरात चार वर्षं दुसऱ्यांची पोरं सांभाळली, रोज सौंसरहून बसनं जाऊन-येऊन. आता स्वतःची एक सांभाळायची. चाळीस सांभाळणारीला एक म्हणजे काहीच नाही.

ही डायरी मागच्या वर्षीची आहे. ह्यांना तहसिलीत मिळाली होती, कोरीच राहिली. वार सगळे चुकीचे आहेत, खोडत जाईन.

कारण लिहून ठेवते, नाहीतर नंतर वाटेल की उगाच सोडली. मार्चमध्ये छायाला ताप होता. मी सुट्टी टाकून उशाशी बसले. तिनं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, माय कुठं गेली. माय म्हणजे शेजारच्या देवकाबाई. मी कामावर असायची तेव्हा छाया त्यांच्याकडे राहायची. त्यांची मोठी मुलं त्यांना माय म्हणतात, म्हणून हीपण म्हणते. मला आई म्हणते. पण त्या दिवशी आई समोर बसलेली असताना तिला माय पाहिजे होती. हे म्हणाले, तापात माणूस काहीही बोलतो. मी राजीनामा लिहून टाकला.

निश्चय: दिवाळीपर्यंत छायानं शाळेतून आल्यावर आधी माझ्याकडे यायचं. देवकाबाईंकडे नंतर. जायला बंदी नाही, मी काही कोत्या मनाची नाही.

टाइमटेबल करून भिंतीवर लावलं. ५ वाजता उठणे. ५.३० बाग. ६ ला छायाला उठवणे, वेणी, श्लोक. ७ ला पौष्टिक नाश्ता. खाली लाल पेनानं लिहिलं: शिस्त आणि प्रेम.

२ जुलै

पावणेआठला उठले. छाया शाळेत गेलेली होती. वेणी आणि डबा देवकाबाईंनी केला म्हणे. पहिला दिवस धरायचा नसतो.

६ जुलै, रविवार

मामाजी आले. (ह्यांचे वडील. लोधीखेड्याजवळ संत्र्याचा बगीचा आहे, त्यातून सहसा हलत नाहीत.) संत्र्याची एक कलम घेऊन आले, हातभर उंच. म्हणाले, हे छायाचं झाड. छाया पहिलीत गेली म्हणून. अंगणात मधोमध खड्डा केला, छायाच्या हातानं लावून घेतलं. मग तिथंच उकिडवे बसून तिला बराच वेळ काही समजावून सांगत होते, कुठं बोट दाखवून, कुठं चिमटीनं तोडल्यासारखं करून. ती माना हलवत होती. मी आत चहा करून राहिले होते. सहा वर्षांच्या पोरीला शेतीतलं काय कळणार, पण आजोबा आहेत, हौस असते.

जाताना मला म्हणाले, तिले सांगून ठेवलं आहे सगळं. मी म्हटलं, मी आहे ना आता घरी.

मला एकदम कल्पना सुचली. माय-लेकींची बाग! दोघी मिळून माती करू, पाणी घालू, गप्पा होतील. भिंतीपलीकडे देवकाबाईंकडे जायला तिला वेळच उरणार नाही. हे संत्र्याचं झाड बरोबर मधे. तीन-चार वर्षांनी पहिलं फळ छाया माझ्या हातात देईल.

१० जुलै

बाग सुरू. वाफे सहा: पालक, मेथी, मुळा, टमाटर, भेंडी, गुलाब. ह्यांनी ब्लॉक ऑफिसातून शेतीची हिंदी पुस्तिका आणून दिली. आता सगळं शास्त्रीय.

छायाला पाणी घालायला दिलं. तिनं मेथीच्या वाफ्यात अर्धी बादली ओतली, बी वाहून गेलं. माती कालवायला दिली तर फ्रॉक भरवला. सध्या तिनं कडेला बसून निरीक्षण करावं असं ठरवलं. निरीक्षणानं मुलं जास्त शिकतात. बालमंदिरात मी नेहमी सांगायची.

ती दहा मिनिटं बसली. मग भिंतीवरून पलीकडे गेली.

१९ जुलै

आढावा. पालक: नाही. मेथी: वाहून गेली. मुळा: खूप दाट. टमाटर: रोपं होती, बकरीनं खाल्ली. भेंडी: तीपण. गुलाब: काडी आहे.

देवकाबाईंनी भिंतीच्या कडेला उष्टं पाणी फेकता फेकता कारल्याचा वेल आणलाय. लावला कधी, विचारलं, तर म्हणे, मी काऊन लावू, त्याचा तो आला. अशानं जमिनीला शिस्त राहत नाही.

छाया रोज त्यांच्याकडे जेवते. ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी. माझ्याकडे दुधी असतो. चेंज म्हणून जात असेल.

२ ऑगस्ट

संत्र्यानं मन भरून आलं. वरचं खोड आहे ते आहेच, चार पानं, सुस्त. पण खाली, अगदी मातीजवळून, एक नवी फूट आली आहे. काय तिचा जोम! आठवड्यात वीतभर. हिरवीगार, सरळ, आणि मोठे काटे. काटे म्हणजे ताकदीचं लक्षण. माझं पाणी, माझं खत, माझी निगा. मामाजी पाहतील तर थक्क होतील.

एवढी एक गोष्ट तरी या अंगणात माझ्या हातानं वाढून राहिली आहे.

४ ऑगस्ट, दुपारी २

अक्षर नीट येत नाही.

दुपारी साडेबाराला बाहेर आले तर छाया झाडाजवळ उकिडवी बसलेली. आज शाळेतून सरळ इकडे आली होती, आधी मला बरं वाटलं. मग पाहिलं, तिच्या हातात ती फूट. मुळापासून मोडलेली. बोटाला काटा लागून रक्त आलं होतं तरी तोडली.

मी तिच्या गालावर लावून दिली. ती म्हणाली, आजोबा म्हणाले. मी म्हटलं, आजोबांवर ढकलायचं नाही, खोटं तर बिल्कुल बोलायचं नाही. तिनं बोट फ्रॉकला पुसलं. रडली नाही. मी म्हटलं, आजपासून या झाडाला हात लावायचा नाही, मी सांगेपर्यंत. ती हो म्हणाली आणि पलीकडे गेली.

५ ऑगस्ट

काल मारलं ते चुकलं का? नाही. विचार करून पाहिला. मुलांना जिवंत गोष्टीची किंमत कळली पाहिजे. बालमंदिरात चार वर्षांत मी एकाही मुलाला हात लावला नाही, म्हणजे माझा स्वभाव मारकुटा नाही. एकदाच मारलं, तेही झाडासाठी.

गालावर चार बोटं सकाळपर्यंत होती. देवकाबाईंनी खोबरेल लावलं. मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं.

आज गुळाचा शिरा केला. छायानं दोन वाट्या खाल्ल्या. म्हणजे विसरली.

१७ ऑगस्ट

आनंदाची बातमी. मोडल्या जागेवरून दोन फुटी आल्या, आधीपेक्षा जोमदार. झाडाला बोराटीच्या काट्यांचं कुंपण केलं.

आज एक मोठा निर्णय घेतला. पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं आहे की कमजोर असेल ते काढून टाकावं, म्हणजे जोमदार असेल त्याला पूर्ण पोषण मिळतं. वरचं ते सुस्त खोड उगाच खाऊन राहिलं होतं. विळ्यानं एका झटक्यात छाटलं. छाया दारात उभी राहून पाहत होती. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. मी तिला म्हटलं, बघ, कापायचं तर असं विचार करून कापायचं.

६ सप्टेंबर

पोळ्याच्या गडबडीत लिहायचं राहिलं. तान्ह्या पोळ्याला छायाचा लाकडी बैल देवकाबाईंच्या मुलानं सजवला. मी सजवणारच होते, रंगीत कागदही आणले होते, पण त्या दिवशी संत्र्यावर मावा दिसला. तंबाखूचं पाणी उकळून फवारण्यात वेळ गेला. छाया बैल दाखवायला आली तेव्हा माझ्या हाताला तंबाखू होता म्हणून लांबूनच पाहिला. बैल चांगला दिसत होता. शिंगांना बेगड होतं वाटतं.

झाड मात्र गुडघ्यापर्यंत आलं. देवकाबाई कुंपणाशी येऊन बराच वेळ पाहत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, बाई, थे पान काही संत्र्यावानी दिसून नाही राह्यलं. मी म्हटलं, खत वेगळं आहे. हाव का, म्हणाल्या आणि गेल्या. दुसऱ्याचं चांगलं झालेलं पाहवत नाही काही लोकांना. कारलं आपोआप येतं, संत्रा येत नाही.

नंतर त्यांनीच वाटीभर कारल्याची भाजी पाठवली. चांगली झाली होती. तरीपण.

२० सप्टेंबर

भुलाबाई बसल्या. गल्लीतल्या मुली रोज संध्याकाळी एकेका घरी गाणी म्हणतात आणि त्या घरचा खाऊ डब्यात झाकलेला असतो, तो काय आहे ते ओळखावं लागतं. छाया दुपारपासून मागे लागली की आज देवकाबाईंकडे आहे, आई तू पण चल गाणी म्हणायला, बाकीच्यांच्या आया येतात. मी म्हटलं, अवश्य येते, फक्त झाडाला पाणी घालून.

पाणी घालताना मुळ्याच्या वाफ्यात तण दिसलं. तण काढून वर पाहिलं तर गाणी संपली होती.

छायाला वाईट वाटलं का ते विचारलं. नाही म्हणाली. फार समजूतदार आहे. शिस्तीचा परिणाम.

५ ऑक्टोबर, दुपारी ४

आज भुलाबाई आमच्याकडे. सगळ्या चुकांची भरपाई आजच्या खाऊत करणार. कुणालाच ओळखता येणार नाही असा खाऊ: खोबऱ्याची बर्फी, आत गुलकंद. छायालासुद्धा सांगितलं नाही.

५ ऑक्टोबर, संध्याकाळी

पाक गॅसवर होता. मधे फक्त दोन मिनिटं अंगणात गेले, झाडाला आधाराची काठी बांधायची होती.

मुली जमल्या. मी डबा वाजवून विचारलं, ओळखा. शेंगदाणे, साखर-फुटाणे, शेव, असं चाललं होतं. मग एक मुलगी नाकानं वास घेऊन म्हणाली, जळलेलं. सगळ्या फिदीफिदी हसल्या. आणि आमची छाया उभी राहिली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, जळलेलं नाही, माझ्या आईनं मुद्दाम खरपूस केलं आहे, तिला तसं येतं. आणि पहिला तुकडा तिनं तोंडात टाकला. चावता येत नव्हता. चघळत राहिली.

मी आत येऊन पदरानं डोळे पुसले. धूर झाला होता खोलीत.

५ नोव्हेंबर

दिवाळी झाली. मामाजी चार दिवस राहिले. झाड आता कमरेएवढं! मी मुद्दाम सकाळच्या उन्हात नेऊन दाखवलं. त्यांनी कुंपणातून हात घालून एक पान तोडलं, चुरगळलं, नाकाशी धरलं. मग खाली वाकून खोड पाहिलं, मी छाटलं होतं ती जागा बोटानं चाचपली. मग माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं संत्र्यात गेलेला माणूस निःशब्द झाला.

शेवटी म्हणाले, लय मेहनत घेतली तुवा. मी म्हटलं, सगळं पुस्तकाप्रमाणे. ते म्हणाले, दिसून राह्यलं. आणि चहा मागितला.

नंतर छायाला घेऊन अंगणाच्या कोपऱ्यात बसले होते. आजोबा-नातीचं काय गुळपीठ चाललं होतं देव जाणे. मी चकल्या तळत होते. छाया आत आली तेव्हा माझ्या गळ्यात पडली, काही कारण नसताना. दिवाळीत मुलं खूश असतात.

निश्चयाची तारीख दिवाळी होती. शाळेतून आल्यावर छाया अजून आधी पलीकडेच जाते. तारीख संक्रांतीपर्यंत वाढवली.

७ डिसेंबर, रविवार

बगीच्यात गेलो होतो, तोडणी सुरू आहे म्हणून. हे आणि मामाजी ट्रकजवळ, छाया संत्र्याच्या ढिगाऱ्यात. मी रोपवाटिका पाहायला मागच्या बाजूला गेले. तिथं चिंधूभाऊ काम करून राहिले होते. कलमा तेच बांधतात, मामाजींच्या तरुणपणापासून.

ते एकेका रोपाजवळ बसत होते आणि खालची, मातीजवळची फूट चिमटीनं मोडून फेकत होते. हिरवीगार, काटेरी. मी विचारलं, ही चांगली जोमदार फूट कायले तोडता. ते हसले. म्हणाले, ताई, हे जंबेरी व्हय, रानटी लिंबू. खाली खुंट जंबेरीचा असते, त्याच्यावर संत्र्याचा डोळा, म्हंजे कोंब, बांधतो आम्ही. वरचा तो संत्रा. खालून जंबेरी फुटली की तोडावंच लागते, नाही तोडली तर थे वरच्याले खाऊन टाकते. मंग उरते काय, काटे अन् आंबट. आमच्याइकडं लहान पोरालेबी माहीत असते.

मी म्हटलं, हो का.

पुढचं आठवत नाही. घरी येईपर्यंत बसमध्ये छाया माझ्या मांडीवर झोपली होती. मी तिच्या गालाकडे पाहत होते. आता तिथं काहीच नाही, चार महिने झाले.

८ डिसेंबर, सकाळी

पुस्तिका काढून पाहिली. ते पान मुळ्याचं होतं. दाट उगवलेल्या मुळ्यातली कमजोर रोपं काढण्याबद्दल.

म्हणजे संत्रा मी कापला. छाया वाचवत होती. आजोबांनी सांगितलं होतं तसं वाचवत होती, बोटात काटा घेऊन, आणि मी तिला खोटारडी म्हटलं. तिचं झाड होतं. मी मारलं, दोघांनाही.

आज शाळेतून आली की सांगणार. छाया, माझं चुकलं. तीन शब्द आहेत.

८ डिसेंबर, दुपारी

ती आली तेव्हा कणकेचे हात होते.

९ डिसेंबर

तिची चित्रकलेची वही चालू होती. मधे बोलणं बरं दिसत नाही.

११ डिसेंबर

मुलांसमोर आईनं चूक कबूल केली तर मुलांचा आधार जातो, असं कुठंतरी वाचल्यासारखं वाटतं. आधी खात्री करून घ्यावी.

बरं, समजा सांगितलं. ती पलीकडे जाऊन देवकाबाईंना सांगेल. त्या म्हणतील, मी म्हनलं होतं नं, पान संत्र्यावानी नाही. ह्यांच्या कानावर जाईल, मामाजींच्या जाईल. नोकरी सोडून सहा महिन्यांत केलं काय, तर एक झाड आणि त्याचंही जंबेरी. सध्या हे फक्त मला माहीत आहे. एवढंच त्यातलं बरं.

१३ डिसेंबर, शनिवार

जामसांवळीला जाऊन आले. मारुतीला सगळं सांगितलं, अगदी गालावरच्या बोटांसकट. मन हलकं झालं. देवाला सांगितल्यावर छायाला सांगायची तेवढी घाई राहत नाही.

संध्याकाळी पुन्हा जड झालं. तिथला मारुती निजलेला आहे, सगळं ऐकलं असेलच असं नाही.

१६ डिसेंबर, सकाळी ११

उपाय सापडला. चिंधूभाऊ बाजाराला सौंसरला आले होते. मी गाठून विचारलं की एखाद्या ठिकाणी, कुणाच्या तरी घरी, असं झालं तर काय करावं. त्यांना काहीच नवल वाटलं नाही. म्हणाले, त्याच जंबेरीवर पुन्हा संत्र्याचा डोळा भरता येते, काई बिघडत नाही, खुंट तर तयारच हाय. सरळ माझ्यासोबत घरी आले, पत्ता न विचारता. पिशवीत चाकू होता आणि संत्र्याची डोळ्याची काडी ओल्या फडक्यात गुंडाळून तयार. कामाचा माणूस म्हणजे असा, नेहमी हत्यारानिशी.

खोडाला खाली छोटी चीर दिली, डोळा बसवला, पट्टी बांधली. तीन आठवड्यांनी डोळा हिरवा राहिला तर वरचं सगळं जंबेरीचं कापून टाकायचं. त्यांना शपथ घातली की मामाजींना सांगायचं नाही. ते म्हणाले, मी काऊन सांगू.

छाया शाळेत होती. कुणाला काही कळलं नाही.

आता सांगायची गरजच काय? झाड पुन्हा संत्र्याचं होईल. फळं लागतील. झालं गेलं मातीत.

१८ डिसेंबर

छायानं खोडाची पट्टी पाहिली. विचारलं, झाडाला लागलं का. मी म्हटलं, थंडीची बांधली.

आता खोटंपण बोलले. तिला खोटं बोलायचं नाही म्हणून मारलं होतं.

२५ डिसेंबर

झोप लागत नाही नीट. छायानं कुंपणाबाहेर उभं राहून, लांबून, पेल्यानं झाडाला पाणी मारलं. मी विचारलं, जवळ जाऊन का घालत नाहीस. म्हणाली, तू हात लावायचा नाही म्हटलं होतं ना, तू सांगेपर्यंत. पाच महिने झाले. मी सांगायचं विसरले होते, ती पाळून राहिली होती. मी आत जाऊन पोळपाट धुतला, धुतलेलाच होता.

मी हिची आई व्हायला नोकरी सोडली. आणि हिच्याशी बोलायला मला भीती वाटते.

४ जानेवारी १९८७, रविवार, सकाळी ९

डोळा हिरवा आहे. आज वरचं कापायचं. कापायच्या आधी सांगणार. आज नाही सांगितलं तर मग कधीच नाही, हे मला माझ्याबद्दल माहीत झालं आहे.

४ जानेवारी, दुपारी १

सांगितलं.

छायाला झाडाजवळ बोलावलं, शेजारी मातीत बसवलं. सगळं सांगितलं. खालची फूट जंबेरीची होती, तू तोडली ते बरोबर होतं, मी संत्रा कापला, तू खोटं बोलली नव्हतीस, मी मारायला नको होतं. शेवटी म्हटलं, माझं चुकलं.

तिनं डोळे मोठे केले, खूप मोठे. हनुवटीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, हो का. मग म्हणाली, मला तर माहीतच नव्हतं. मग माझे डोळे आपल्या फ्रॉकनं पुसले आणि विचारलं, आता हात लावू का. मी म्हटलं, लाव. तिनं त्या हिरव्या डोळ्याला एका बोटानं हळूच हात लावला.

किती सोपं होतं. उगाच महिनाभर जीव खाल्ला. इतका मोठा धक्का पोरीनं किती शांतपणे घेतला, मला माझंच कौतुक वाटलं. सहा महिन्यांची मेहनत अशी दिसते.

४ जानेवारी, दुपारी ३

पुढचं लिहिते आहे, कारण लिहिलं नाही तर मी उद्या दुसरंच काही मानून बसेन.

दुपारी भिंतीशी धुणं वाळत घालत होते. पलीकडून छायाचा आवाज आला, मोठ्यानं, आनंदानं. माय, आईले कळलं!

देवकाबाईंनी विचारलं, कायचं व्हय. ती म्हणाली, जंबेरीचं. सगळं आपणहून सांगितलं तिनं. देवकाबाई म्हणाल्या, हळू बोल वं, तिले ऐकू जाईल. मग विचारलं, मंग तू काय म्हनलं. छाया म्हणाली, मी म्हटलं हो का, मला तर माहीतच नव्हतं, आजोबांनी दिवाळीत शिकवलं होतं तसंच. डोळे पण मोठे केले. देवकाबाई म्हणाल्या, शहाणी माही बाई. तुह्या आजोबाले सांगून ठेवू, चिंधूभाऊलेबी. छाया म्हणाली, बाबांना मी सांगते.

मी ओला टॉवेल तोंडाला लावून खाली बसले, भिंतीच्या अलीकडे. दिवाळीपासून सगळ्यांना माहीत होतं. मामाजी, देवकाबाई, हे, चिंधूभाऊ. आणि माझी पोर. गालावर बोटं उठलेली, खोटारडी ठरलेली, ती सहा वर्षांची पोर मला वाईट वाटू नये म्हणून दोन महिने तोंड मिटून होती. मी तिला सांभाळायला घरी राहिले होते. लाज वाटली, इतकी की रडू आलं, आणि रडताना असंही वाटलं की माझ्यासारखीला अशी मुलगी कुठून मिळाली. देवकाबाईंकडून मिळाली. तेपण लिहून ठेवते.

थोड्या वेळानं छाया भिंतीवरून उडी मारून आली. हातात देवकाबाईंनी दिलेली वाटी होती, झाकलेली. मला म्हणाली, तुझ्यासाठी आहे. मी विचारलं, पलीकडे काय करून राहिली होतीस इतका वेळ. म्हणाली, काही नाही, असंच.

मी डोळे मोठे केले आणि म्हटलं, हो का.